वागळी खडकाची गोधडी

“ह्ये सोपानचं घर का?” दारातल्या बाईनं विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत तिनंच दुरुस्ती केली, “व्हतं का, असं इचाराय पायजे आता.”

मे महिन्यातली टळटळीत दुपार होती. अंगणातली वाळू पांढरी फटक पडली होती आणि त्या वाळूत हिरव्या नऊवारीतली एक उंच, काटक म्हातारी उभी होती. डोक्यावर भलं थोरलं गाठोडं. एका हातात चपला, कारण वाळूत त्या घालून तिला चालता येत नव्हतं. तळवे भाजत असणार, पण ती पाय हलवत नव्हती.

केराबाई. माझ्या सासूबाई. त्याआधी मी त्यांना एकदाच पाहिलं होतं, जानेवारीत, त्यांच्या गावी, सोपानच्या अंत्यविधीला. सांगोल्याच्या पुढचं ते गाव. तिथल्या बायकांच्या घोळक्यात मी एका बाजूला उभी होते आणि कोणी माझ्याशी बोललं नव्हतं. आमचं लग्न त्यांना मान्य नव्हतं. मी परजातीची, शहरातली, वर पँट घालून समुद्रात बुड्या मारणारी. आमच्या नोंदणी लग्नाला त्या घरातून कोणीही आलं नव्हतं.

“आत या,” मी म्हटलं. पुढे काय म्हणून हाक मारावी तेच कळेना. आई म्हणायची हिंमत नव्हती.

त्या आत आल्या. गाठोडं खाली ठेवलं, तांब्याभर पाणी एका दमात प्यायल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. घरात अर्धवट बांधलेली खोकी पडली होती. ती त्यांनी पाहिली.

“कुटं निगालीस?”

“पुण्याला. ऑफिसात बदली मागितलीय. जूनमध्ये जाईन.”

त्यांनी मान हलवली. बरं की वाईट, ते त्यावरून कळलं नाही.

मालवणच्या खाली, समुद्राला लागून असलेल्या त्या वाडीत सोपान आणि मी चार खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहत होतो. दोघं एकाच संस्थेत. काम प्रवाळांचं: पाण्याखाली जायचं, खडकांवरची प्रवाळं मोजायची, त्यांची तब्येत पाहायची, त्यांच्यावर येऊन अडकलेली जुनी जाळी कापून काढायची. सोपान गेल्यापासून मी पाण्यात पाय घातला नव्हता. कामाचे कागद घरीच आणून ठेवले होते आणि त्यांनाही हात लावत नव्हते. एक कप चहा करायचा, तो गार होऊ द्यायचा, टाकून द्यायचा. दिवसाकाठी माझा आवाज मला ऐकू यायचा तो फक्त दूधवाल्याशी बोलताना.

“त्याची कापडं कुटं हायती?” केराबाईंनी विचारलं.

“कपाटात.”

“समदी?”

“सगळी. मी अजून कपाट उघडलं नाही.”

“मग उगड.”

मला वाटलं, न्यायला आल्यात. रागही आला आणि त्या रागाला काही आधार नाही हेही कळलं. त्यांच्या लेकाचे कपडे. मी कपाट उघडून बाजूला झाले. त्यांनी एकेक शर्ट, एकेक पँट बाहेर काढली, उजेडात धरली आणि जमिनीवर रंगांप्रमाणे ढीग लावले. निळे एकीकडे, हिरवे एकीकडे, मातकट एकीकडे. एका शर्टाची बाही उसवून पुन्हा शिवलेली होती. त्यावर त्यांनी अंगठा फिरवला.

“ही तू शिवलीस?”

“नाही. त्यानंच.”

“दिसतंय. टाका माज्यागत हाय.” मग गाठोडं सोडलं. त्यात त्यांच्याच जुन्या सुती साड्या होत्या, धुऊन मऊ झालेल्या, आणि एका चिंधीत गुंडाळलेल्या जाड सुया नि दोऱ्याची रिळं. “गोधडी शिवायची हाय. समुंदराची.”

“समुद्राची?”

“वरचा न्हवं. वरचा मी यष्टीतनं बगितला. वर काय, निस्तं पाणी. खाली काय हाय ते तू सांगायचं, मी शिवायचं.”

त्यांनी कात्री उचलली आणि सोपानचा निळा शर्ट पाठीवरून सरळ कापला. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच नळ सोडून उभी राहिले.

त्या संध्याकाळी साड्यांचे थर अंथरले गेले, चारी कोपऱ्यांवर अंगणातले दगड ठेवले गेले, आणि आमच्या बाहेरच्या खोलीत चालायला जागा उरली नाही. केराबाई त्या थरांच्या मधोमध मांडी घालून बसायच्या आणि मी कडेला, भिंतीशी. पहिले दोनेक दिवस आमचं बोलणं म्हणजे प्रश्न आणि उत्तरं, एवढंच.

“पवळं म्हंजी आंगठीत घालत्यात त्येच न्हवं?”

“त्याच्याच नात्यातलं. पण आपल्याकडचं तसलं लाल नसतं.”

“झाड हाय का जनावर?”

“जनावर. मोहरीएवढं. हजारोंनी एकत्र राहतात आणि खाली दगडाचं घर बांधत जातात.”

“आन् रंग त्येंचा?”

“रंग त्यांचा स्वतःचा नसतो. त्यांच्या अंगात बारीक शेवाळं राहतं. रंग त्याचा. ते शेवाळं प्रवाळाला खायलाही घालतं.”

“भाडेकरू म्हण की. भाडंबी देनारा.”

मला हसू आलं. जानेवारीनंतर पहिल्यांदा आलं असावं, कारण गाल दुखल्यासारखे वाटले. केराबाईंनी वर पाहिलं, पण त्या हसल्या नाहीत.

मी सांगत गेले. वागळी खडकाचं सांगितलं. किनाऱ्यापासून आत, वागळी माशासारखा, दोन बाजूंना पंख पसरल्यागत चपटा खडक आहे, म्हणून मच्छीमार त्याला वागळी म्हणतात. त्याच्या अंगावर कोबीच्या पानांसारखी उभी प्रवाळं आहेत, मोहरीच्या फुलाच्या रंगाची. खाली गोल, मेंदूसारखी, हिरवट. कडेकपारीत जांभळी. सोपान तिथे सगळ्यात जास्त रमायचा. केराबाई ऐकता ऐकता चिंध्या लावून बघायच्या. “असा पिवळा? का ह्यो?” आणि मी मान हलवेपर्यंत हात थांबवून ठेवायच्या.

एकदा त्यांनी सोपानचा लाल टी-शर्ट उचलला. “ह्यो कुटं लावू?”

“लाल नको. खाली लाल दिसत नाही. पाण्यात जसजसं खाली जावं तसा पहिल्यांदा लाल रंग जातो. मळकट दिसायला लागतो.”

“म्हंजी त्याला खाली लाल दिसलाच न्हाई?”

“नाही.”

त्यांनी टी-शर्ट घडी घालून बाजूला ठेवला. मी त्या प्रश्नाचा जास्त विचार केला नाही.

वाडीतल्या बायका येऊन डोकावून जायच्या. त्यांनी अशी गोधडी कधी पाहिली नव्हती. चौकोनांची पाहिली होती, त्रिकोणांची पाहिली होती. ह्या गोधडीत खडक होता, खडकावर पिवळी पानं चढत गेली होती, वर निळ्याच्या सात-आठ छटा होत्या आणि त्या सगळ्यांतून बारीक धावदोऱ्याच्या ओळी अशा वळत गेल्या होत्या की बघताना पाणी हललं असं वाटे. ह्यातली एकही वस्तू केराबाईंनी जन्मात पाहिली नव्हती. पण हात कुठेही अडत नव्हता. अडलं ते माझ्यापाशी.

“काल तू ह्या कडंला मोरपंखी म्हनलीस,” एका सकाळी त्या म्हणाल्या. “आज शेवाळी म्हंतीस. नक्की काय?”

“तसाच असतो. मधला.”

“तू पाठ केल्यागत सांगतीयास, पोरी. डोळ्याम्होरं आणून सांगत न्हाईस. जा आन् बगून ये.”

“मी पाण्यात उतरत नाही आता.”

“का?”

“का ते तुम्हाला माहीत आहे.”

त्यांनी सुई कापडात खोचली. “मला काय म्हाईत हाय? मला एवडंच म्हाईत हाय की त्यो बुडाला. ज्येला पवाय येतं त्यो मानूस बुडतो कसा, ह्ये मला कुनीबी सांगितलं न्हाई. त्याच्या चुलत्यानं न्हाई, पोलिसानं न्हाई. तू बी न्हाई. तितं उबी व्हतीस, पर तोंड उगाडलं न्हाईस.”

“मला कोणी विचारलं होतं का तिथे? एक माणूस तरी बोलला का माझ्याशी?” माझा आवाज चढला. “तुम्ही स्वतः माझ्याकडे पाठ करून बसला होतात.”

“बसली व्हती.” त्यांनी ते लगेच मान्य केलं. “आता तोंड करून बसलीया. सांग.”

मग मी सांगितलं. कोणालाच कधी सलग सांगितलं नव्हतं. एका ट्रॉलरचं तुटलेलं जाळं वागळी खडकावर येऊन पडलं होतं. जाळं प्रवाळांवर पडलं की लाटेबरोबर घासत राहतं, त्यांना मोडतं, त्यांचा उजेड अडवतं. सोपान आणि आमचा सहकारी फ्रान्सिस दोन टोकांनी ते कापत होते. मी त्या दिवशी तापानं घरी पडून होते. समुद्राला अचानक ओढ आली, पाणी गढुळलं, हाताला हात दिसेना. सैल झालेलं जाळं उलटून सोपानवर आलं. फ्रान्सिसनं त्याला शोधून मोकळं केलं तोवर त्याच्या टाकीतली हवा संपली होती.

मी पाणी आणून दिलं, ते केराबाईंनी घेतलं नाही. उठल्या, पडवीत जाऊन समुद्राकडे तोंड करून बसल्या. दुपारचं जेवल्या नाहीत. रात्री मी अंथरूण घातलं तेव्हा भिंतीकडे वळून झोपल्या. मला वाटलं, सकाळी निघून जातील. जावं असंही वाटलं, जाऊ नये असंही.

सकाळी उठून बघते तर घरात नाहीत. चपला होत्या. मी किनाऱ्यावर धावले.

बाबल तांडेलाच्या होडीपाशी त्या उभ्या होत्या. बाबल म्हणजे आम्हाला नेहमी नेणारा होडीवाला. हातातली वल्ही टेकवून तो हताश चेहऱ्यानं त्यांच्याकडे बघत होता. मला पाहून त्याचा जीव भांड्यात पडला.

“बाई, ह्या म्हातारेक काय तां सांगा. म्हणता, माका वागळेर न्हे. मी म्हटलंय, आजये, थंय बगूक काय नाय, नुसता पाणी. आयकणाच नाय.”

“ही खाली जाईल आन् बगून सांगंल,” केराबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “मी होडीत बसंन.”

“मी येणार नाही म्हटलंय.”

“नगं येऊ. मग मी निस्तीच बसून यीन.”

बाबलनं माझ्याकडे पाहिलं. “म्हयनो सपत इलो, बाई. आठ दिसांत पावसासाटी होड्या वयर काडूच्यो. मगे दिवाळीशिवाय जमूचा नाय.”

मी वाळूत बसले. केराबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. समुद्राकडे बघायची त्यांना भीती वाटत होती हे मला तेव्हा दिसलं. त्या पाण्याकडे न बघता पाण्याच्या कडेकडे बघत होत्या. जन्मभर विहिरीचं पाणी शेंदलेली ती बाई, आणि ह्या पाण्यात लेक गेलेला. तरी लाकडाच्या एवढ्याशा होडीत बसायला निघाली होती.

“फ्रान्सिसला फोन करते,” मी म्हटलं. “एकटीनं खाली जायचं नसतं.”

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. केराबाईंनी पदर कमरेला घट्ट खोचला होता आणि दोन्ही हातांनी फळी धरली होती. होडी डचमळली की डोळे मिटायच्या, पण तोंडातून आवाज नाही. वागळीवर पोचलो तेव्हा त्यांनी कनवटीची पुडी सोडली. शेतातली मूठभर ज्वारी होती. “त्याला हीच ग्वाड लागायची,” एवढं म्हणून त्यांनी ती पाण्यावर सोडली. दाणे क्षणभर तरंगले आणि खाली निघाले.

मी अंगावर सगळं चढवलं. पट्टा मला लागेना, तो फ्रान्सिसनं लावून दिला, त्यालाही दोनदा प्रयत्न करावा लागला. तोही जानेवारीनंतर इथे आला नव्हता.

पाण्याखाली गेल्यावर पहिल्यांदा ऐकू येतो तो स्वतःचा श्वास. मी तो मोजला नाही, नुसता ऐकत राहिले. खडक जवळ आला तेव्हा वाटलं, आपण चुकीच्या जागी आलो. मग ओळख पटली. तीच वागळी, तेच दोन पंख, तीच कोबीच्या पानांसारखी उभी चळत.

सगळी पांढरी.

मळकी नाही, राखाडी नाही. धुतल्यासारखी, चुन्यासारखी पांढरी. त्या वर्षी उन्हाळा भयंकर होता, पाणी महिनाभर तापून राहिलं होतं. भाडेकरू घरं सोडून गेले होते. प्रवाळ असं पांढरं पडतं हे मी पुस्तकात वाचलं होतं, परिषदांमध्ये फोटो पाहिले होते, त्यावर बोललेही होते. पण ज्या खडकाचा कोपरान् कोपरा ओळखीचा आहे तो असा झालेला पाहणं वेगळं. मासे तुरळक फिरत होते.

पलीकडच्या पंखाखाली जाळ्याचा एक तुकडा राहून गेला होता. फ्रान्सिसनं माझ्याकडे पाहिलं, हातानं खूण करून विचारलं. मी सुरी काढली. आम्ही दोघांनी मिळून, अगदी शेजारी शेजारी राहून, तो तुकडा गाठीगाठीनं मोकळा केला. त्याच्याखालच्या सांदीत, जिथे ऊन पोचत नव्हतं, बोटभर जांभळं शिल्लक होतं.

वर आलो. फ्रान्सिसनं जाळं होडीत टाकलं. केराबाईंनी पाय आखडून घेतले. त्याला त्यांनी हात लावला नाही, विचारलंही नाही ते कुठलं. मी अजून होडीची कड धरून पाण्यातच होते, तोंडावरची काच नुकती वर सरकवलेली.

“काय रंग हाय?”

वर येतानाच मला ठाऊक होतं की त्या हे विचारणार. आणि वर येतानाच मी ठरवलं होतं की पिवळा सांगायचा. पिवळा, शेवाळी, कडेला जांभळा. गोधडी अर्ध्याहून जास्त झाली होती, सुंदर झाली होती. ती घेऊन त्या गावी गेल्या असत्या. माझं काय गेलं असतं? पण त्या फळी धरून पुढे वाकल्या होत्या, चेहरा घामेजलेला, होडी लागून पिवळा पडलेला, आणि एवढं सगळं सोसून त्यांनी फक्त एकच गोष्ट मागितली होती.

“पांढरा,” मी म्हटलं.

“समदा?”

“जवळजवळ सगळा. पाणी तापलं. शेवाळं सोडून गेलं.”

“मेली म्हन.”

“अजून नाही. उपाशी आहेत. पाऊस पडून पाणी निवलं तर काही वाचतील. बाकीची जातील.”

त्यांनी तोंडावर पदर घेतला. होडी डुलत होती. बाबलनं मान दुसरीकडे वळवली.

“आन् त्यो व्हता तवा?” पदराआडून आवाज आला. “तवाबी पांढरीच?”

“नाही. जानेवारीत पाणी थंड होतं. तेव्हा सगळे रंग होते. मी आदल्या आठवड्यात माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. पिवळा होता, हिरवा होता. तुम्ही शिवलाय तसाच.”

“खरं?”

“आत्ता पांढरा सांगितला ना? मग तेही खरंच.”

त्यांनी पदर खाली केला. माझ्याकडे नीट, बराच वेळ पाहिलं. “मग झालं. शेवटाला, पानी गढूळ व्हायच्या आदी, त्याच्या डोळ्याम्होरं काय व्हतं, एवडंच मला पायजे व्हतं. घरी अंधार केला की मला काळं पानी दिसतं, पोरी. रोज. म्हनलं, त्यानं काय बगितलं ते तरी ठावं व्हावं. तेच पांघरून झोपंन.”

मला होडीत चढता येईना. केराबाईंनी फळी सोडली, माझ्या दंडाला धरलं आणि बाबलच्या मदतीनं मला वर ओढलं.

पुढचे तीन-चार दिवस त्या जेवणापुरत्याच उठायच्या. वरची बाजू पुरी झाली. मग त्यांनी ती पालथी केली आणि कपड्यांच्या उरलेल्या ढिगातून सोपानचे पांढरे शर्ट वेगळे काढले.

“खालनं पांढरं लावनार,” त्या म्हणाल्या. “त्यानं बगितलं ते वर. तू बगितलं ते खाली.”

एका शर्टाला अजून इस्त्रीची घडी होती. छातीवर बारीक पांढरी नक्षी.

“ह्यो कवाचा? घातलेला दिसत न्हाई.”

“एकदाच घातला. लग्नाच्या दिवशी.”

त्यांनी शर्ट मांडीवर उलगडला. कॉलर सरळ केली, बटणं लावली, पुन्हा काढली. मला वाटलं, हा ठेवून देतील.

“मी याय पायजे व्हतं,” त्या म्हणाल्या, आणि कात्री माझ्या हातात दिली. “ह्यो तू काप.”

मी कापला. मग त्यांनी मला सुई दिली आणि माझ्या बाजूची कड मी शिवली. माझे टाके मोठे आणि वाकडे आले. त्यांनी ते उसवले नाहीत.

“आत्या,” मी म्हटलं. त्यांच्या गावच्या सुना सासूला तशी हाक मारतात, सोपाननं सांगितलं होतं. “अजून थोडे दिवस राहा.”

“पेरणी हाय. मिरीग तोंडावर आला.”

मी त्यांना मालवणच्या एस.टी. स्टँडवर सोडायला गेले. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, शेवटच्या क्षणी त्या गोधडी माझ्या हातात ठेवतील. नाही ठेवली. गाठोडं मांडीवर घेऊन खिडकीशी बसल्या, गाडी सुरू झाली तेव्हा एकदा हात वर केला, आणि गेल्या. घरी आले तर बाहेरची खोली पुन्हा चालण्याइतकी मोकळी झाली होती. कोपऱ्यात चार दगड तसेच होते. मी खोकी सोडली, आणि पुण्याला येत नाही म्हणून कळवून टाकलं. पण त्या रिकाम्या खोलीची सवय व्हायला फार काळ गेला. झाली असं अजूनही छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

दरवर्षी मे महिन्यात त्यांचा फोन यायचा. “बगितलंस? काय रंग?” मी सांगायची. पहिल्या वर्षी अर्धा खडक मेला होता, त्यावर लव चढली होती, तसंच सांगितलं. पुढच्या वर्षीही चांगलं सांगण्यासारखं नव्हतं. त्या ऐकून घ्यायच्या, बरं म्हणायच्या, ठेवून द्यायच्या. माझ्याकडे कोण येतं, मी कशी राहते, असलं काही त्यांनी कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मी एकटीच राहते हे त्यांना ठाऊक होतं आणि त्या कशा राहतात ते मला.

मध्ये एकदा आमच्या संस्थेनं मुंबईत समुद्र वाचवण्याविषयी प्रदर्शन भरवलं. मी गोधडी मागितली. केराबाई ती दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला तयार नव्हत्या. स्वतः घेऊन आल्या. आम्ही ती छताला तारेनं टांगली, दोन्ही बाजू दिसतील अशी. लोक लांबून बघायचे. केराबाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या, त्या एकेकाला जवळ बोलवायच्या. “हात लावा की. गोधडी हाय, देव न्हाई.” एका बाईंनी विचारलं, मागची बाजू तुम्ही पांढरीच का ठेवलीत, रंग नव्हते का? केराबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. “हिला इचारा. हिनं बगितलंय.” मी सांगायला लागले आणि बघता बघता भोवती गर्दी जमली. परिषदांमध्ये माझं बोलणं इतकं कोणी ऐकलं नव्हतं. प्रदर्शन संपलं त्याच संध्याकाळी गोधडी उतरवून, घडी घालून त्या गावी गेल्या.

ह्या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. वागळी खडक मधूनमधून पांढरा पडतो, मधूनमधून सावरतो. गेली दोन वर्षं सलग बरी गेली. यंदा मे महिन्यात मी खाली उतरले तर पश्चिमेच्या पंखावर, जिथे नुसता मेलेला दगड उरला होता, तिथे नवी प्रवाळं धरलेली. तळहाताएवढाली, मोहरीच्या फुलाच्या रंगाची, आणि कडेला जांभळी झाक. मी वर आले. बाबल आता थकलाय, पण होडीवर येतो. त्याला सांगितलं, तो हसला. घरी येऊन फोनची वाट पाहिली. फोन आला नाही. तेव्हा मीच लावला.

पुतणसुनेनं उचलला. “आत्याबाईंना आता नीट ऐकू येत न्हाई ताई. आन् ध्यानात बी ऱ्हात न्हाई काय. पांघरून तेवडं सोडत न्हाईत, उन्हाळ्यात सुदिक. जोरात बोला, मी कानाला लावते.”

“आत्या!” मी ओरडले. पडवीत मी एकटीच होते. “मी बोलतेय! वागळीवर रंग आलाय! पिवळा! आणि जांभळा!”

“कोन?”

“ऋजुता!”

“कोन रुजुता?”

“सोपानची बायको!”

पलीकडून आवाज आला, चिरका झालेला, पण उल्हासाचा. “सोपानची व्हय! मग मला काय सांगतीस, त्याला दाव की आदी. त्याला लई येड हाय त्याचं. दावलास का?”

समोर भरती लागत होती. मी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

“हो,” मी म्हटलं. “दाखवला.”

“मग? काय म्हनला?”

“म्हणाला, आईला सांग.”